नाही म्हणायचं तर तोंडावर

हरेश्वर चिखलेला किळस आलेली वेसाव्याच्या कोळीवाड्यात कोणी पाहिली नव्हती. मासळीच्या टोपल्यांत वाढलेल्या माणसाला किळस येणार तरी कशाची? कुजलेली जाळी, बोटीच्या तळाचं काळं पाणी, गटारात अडकलेला चेंडू, सगळ्यात हात घालणारा माणूस. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला ती आली, आणि तीही जुहूच्या एका गारेगार हॉटेलात.

तरुणपणी तो एका बँकेच्या संघातून फुटबॉल खेळायचा. डावा बचावपटू. संघ बंद पडला, तेव्हा बँकेनं त्याला काउंटरच्या मागं बसवलं. तिथं तो सव्वीस वर्षं बसला, पण पाय काही बसले नाहीत. प्रशिक्षकाची सगळ्यात वरची परीक्षा त्यानं एक्कावन्नाव्या वर्षी दिली, पहिल्यांदा नापास झाला, पुन्हा दिली. पंधरा वर्षं तो वाड्यातल्या मुलींना किनाऱ्यावर शिकवतोय. मुलग्यांना शिकवायला चारजण होते, मुलींना कोणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण. बाकी समाजसेवा वगैरे शब्द काढला की तो उठून चहा ठेवायला जायचा.

त्याच्या सरावाला ठरावीक वेळ नव्हती. टणक वाळू मिळते ओहोटीला, आणि ओहोटी रोज पाऊण तास पुढं सरकते. म्हणून चतुर्दशीला सराव साडेचारला, पौर्णिमेला सव्वापाचला. अष्टमीच्या संध्याकाळी मैदानावर पाणीच पाणी, तेव्हा समाजाच्या हॉलच्या भिंतीवर नुसते पास. मुलींना तिथी तोंडपाठ. बाहेरची एखादी आई विचारायची, "सर, उद्या किती वाजता?" तर सर म्हणायचे, "उद्या त्रयोदशी ना?" आणि ती बिचारी मोबाइलमध्ये शोधत बसायची.

याच वाळूवरून उत्तरा देशाच्या महिला संघात गेली. नऊ वर्षांची असताना आईबरोबर कोळंबी सोलायला यायची. वाटेत आलेला चेंडू तिनं डाव्या पायानं असा काही परत मारला, की हरेश्वरनं हातातला चहा वाळूवर ठेवून दिला. फेब्रुवारीत तिचाच शिबिरातून फोन आला.

"सर, जाहिरात बघितली? आमच्या कोचची जागा निघालीय."

"बघितली. चांगला माणूस मिळो."

"चांगला माणूस म्हणजे कोण? भरा ना फॉर्म! गेल्या पाच मॅचमध्ये सात गोल खाल्ले आम्ही, सातही कॉर्नरवर. वाट लागलीय यार, सर! कोणी सांगतच नाही कुठं उभं राहायचं ते."

हे सात गोल हरेश्वरला ठाऊक होते. ते त्यानं वहीत काढून ठेवले होते, कोण कुठं उभी होती, कोण झोपली होती, सगळं. ती वही बायकोला, नलिनीला, सवतीसारखी वाटायची.

फॉर्म भरला नलिनीनं. सकाळी अंधेरीच्या बाजारात मासळी विकून आली की दुपारी ती चष्मा लावून कागदपत्रं बघायची. घरातला सगळा सरकारी व्यवहार तिच्याकडेच. फॉर्मात एक रकाना होता : सध्याच्या संघाचं सरावाचं वेळापत्रक जोडा. हरेश्वरनं प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत नीट तक्ता आखून दिला, तिनं तो जोडला. घरात कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? वाड्यातल्या बोटीसुद्धा तिथी बघूनच निघतात.

महिन्याभरात पत्र आलं. अर्जांतून तिघे निवडलेत, त्यात हरेश्वर एक. बाकीचे दोघे परदेशी. दोन दिवसांत नाक्यावर फ्लेक्स लागला : हरेश्वरचा बँकेच्या आयकार्डावरचा फोटो, खाली हात जोडलेले सात पुढारी आणि वर 'भावी राष्ट्रीय प्रशिक्षक'. तो बघून हरेश्वर आठवडाभर मागच्या गल्लीतून ये-जा करत होता. पण एकदा पहाटे नलिनीनं त्याला फ्लेक्ससमोर एकटंच उभं राहिलेलं पाहिलं. ती आल्या पावली मागं फिरली. माणसाला एवढंही नको का?

मुलाखत जुहूच्या हॉटेलात होती. हरेश्वर वही घेऊन गेला. समितीत पाचजण, अध्यक्ष शरच्चंद्र नावाचे, कसल्याशा उद्योगातले गृहस्थ. त्यांच्या शेजारी राजेश. हा राजेश बँकेच्या संघात हरेश्वरच्या पुढ्यात खेळायचा. याच्या चुका झाकता झाकता हरेश्वरचा गुडघा गेला. पुढं तो खेळायचा थांबला आणि खुर्च्यांवर बसायला लागला, तो आजतागायत.

"तुमचं व्हिजन काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"आधी कॉर्नर," म्हणून हरेश्वरनं वही उघडली.

"ते नंतर बघू. सोशल मीडियावर किती फॉलोअर आहेत तुमचे?"

एक बाई म्हणाल्या, प्रायोजकांसमोर सूट घालून उभं राहायला काही अडचण नाही ना. एक गृहस्थ खाली बघून फोनवर अंगठा फिरवत होते. मग अध्यक्षांना तो तक्ता सापडला. त्यांनी तो दोन बोटांत उचलला, बाळाचं ओलं दुपटं उचलावं तसा.

"हे काय, पंचांग? अष्टमीला सुट्टी? म्हणजे राष्ट्रीय संघ मुहूर्त बघून खेळवणार तुम्ही?"

सगळे हसले. फोनवाले गृहस्थसुद्धा, काय झालं ते न कळता. हरेश्वर सांगायला गेला, की मुहूर्त नाही, ओहोटी. मैदान पाण्याखाली जातं हो. पण हसण्याला मध्येच कोण थांबवणार? राजेश तर वेसाव्याच्या वाळूवर शेकडो वेळा खेळलेला. त्याला तिथीचा हिशेब पाठ. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला.

अकरा मिनिटांत मुलाखत संपली. फुटबॉलचा प्रश्न एकही नाही.

मग राजेशनं त्याला खालच्या उपाहारगृहात नेलं, कोळंबीची बशी मागवली आणि खिशातून एक टाइप केलेला कागद काढला.

"हऱ्या, मनाला लावून घेऊ नको. माणूस आधीच ठरलाय. परदेशी. येत्या आठवड्यात विमानात बसतोय."

"मग मला बोलावलं कशाला?"

"तिघांत एक भारतीय पाहिजे असा नियम आहे ना. तो झाला. आता घोळ एवढाच, की गुण द्यायला लागतात. तुझ्याकडं वरचं लायसन्स, पंधरा वर्षं मुली शिकवल्यास. त्यानं बायकांचा संघ कधी हाताळलेला नाही. उद्या कोणी माहितीच्या अधिकारात कागद मागवले तर आमची पंचाईत. तूच माघार घेतलीस तर गुण द्यायचा प्रश्नच नाही. कर सही."

कागदावर होतं : कौटुंबिक कारणांमुळे मी माझा अर्ज स्वेच्छेनं मागे घेत आहे.

"फुकट नाही सांगत," राजेश पुढं झुकला. "मालाडला आपलं टर्फ आहे, नकली गवताचं, पावसातही खेळता येतं. आठवड्यातून दोन दिवस तुझ्या पोरींना. लाइट, नेट, सगळं. तुझ्या त्या अष्टमीची कटकटच नको. खा ना, कोळंबी घे."

हरेश्वरनं एक तोंडात घातली आणि थांबला. शिळी होती. चार दिवसांची तरी असेल. वरून लसूण, लोणी आणि काहीतरी गोड ओतून झाकलेली. राजेश मात्र बोटं चाटत होता. वेसाव्याची मासळी खाऊन मोठा झालेला माणूस, आणि त्याला कळतही नव्हतं! हरेश्वरनं कागदी रुमालात घास काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला किळस आली. ती कोळंबीची होती की राजेशच्या चमकणाऱ्या ओठांची, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"उद्या सांगतो," म्हणून त्यानं कागद वहीत घातला.

घरी नलिनीनं कागद दोनदा वाचला. "कौटुंबिक कारन? म्हंजे मी? मी कवा आडवी आली तुमाला?"

"तसं लिहायची पद्धत आहे गं."

"लय घानेरडी पद्धत हाय." मग जरा वेळानं, चष्मा काढून, "पन टर्फ खरंच देतील?"

"देतील. राजेश तेवढा देईल."

पावसाळ्यात तीन महिने मुलींना किनारा मिळायचा नाही. मागच्या जुलैत हॉलमध्ये लग्न होतं म्हणून अठरा मुली जिन्यात चेंडू घेऊन बसल्या होत्या. हरेश्वरच्या डोळ्यांसमोरून ते जात नव्हतं. एका सहीत अठरा मुली जिन्यावरून उठत होत्या. आपल्या नावाचं काय एवढं लोणचं घालायचंय?

"बाबा आठवतात," तो शेवटी म्हणाला.

त्याचे बाबा एका मोठ्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे, खलाशांचे मुख्य. नजर अधू झाली तेव्हा मालकानं दुसरा तांडेल नेमला. पण नेमला कसा? रीतच तशी होती. मालक स्वतः वाळूवर आला, सगळ्या खलाशांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, हरीच्या बापा, यंदा तू नाही. बाबांनी हातातला, समुद्राला वाहायचा नारळ नव्या तांडेलाला दिला. घरी येऊन रडले, पण वाड्यात मान खाली घालून कधी फिरले नाहीत. 'त्यानंच सोडलं' असं परस्पर पसरवणाऱ्या मालकाच्या बोटीवर पुढच्या वर्षी खलाशी चढत नसत. आज त्यानं तांडेलाविषयी खोटं सांगितलं, उद्या वादळाविषयी सांगेल.

"उत्तरा विचारील, सर, माघार का घेतली," हरेश्वर म्हणाला. "काय सांगू? तुझे सात गोल टर्फला विकले?"

नलिनीनं कागद घडी करून त्याच्या हातात दिला. "मंग इचारता कशाला मला?"

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. साडेचारला मुली वाळूवर कॉर्नर मारत होत्या, तेव्हा राजेश आला. चकचकीत बूट, पाय जपून टाकत. हरेश्वरनं कागद दिला. सहीच्या जागी लिहिलं होतं : मी माघार घेतलेली नाही. मला गुण द्या. नापास केलंत तरी चालेल, पण तसं लिहा.

"येडा झालास काय? अरे, टर्फ जाईल!"

"जाऊ दे."

"पोरींचं नुकसान करतोयस तू, हऱ्या. स्वतःच्या तोऱ्यापायी."

हे लागलं. हरेश्वरनं मुलींकडं पाहिलं.

"असेल," तो म्हणाला. "तू जा आता. तुझ्याशी बोललं की तोंड धुवावंसं वाटतं."

राजेश वळला, आणि ओल्या रेतीत त्याचा एक बूट घोट्यापर्यंत गेला. मुली हसल्या. हरेश्वर हसला नाही. त्यानंच हात देऊन त्याला वर काढलं, आणि मग खरंच पाण्याजवळ जाऊन हात धुतले.

तासाभरानं सराव संपतो न संपतो तोच उत्तराचा फोन. "सर, हे काय? बातमी आलीय. नवा कोच जाहीर. आणि तुम्ही म्हणे कौटुंबिक कारणानं माघार घेतली. मॅडम बऱ्या आहेत ना?"

सही नव्हतीच. त्यांना ती लागलीही नाही.

"नलिनी ठणठणीत आहे," हरेश्वर म्हणाला. "मी माघार घेतली नाही. मला घेतलं नाही. एवढं तुझ्या टीमला सांग. आणि ऐक, कॉर्नरला पहिल्या खांबापाशी तू स्वतः उभी राहा, कोणी सांगो न सांगो. वहीची पानं पाठवतो."

मग तो नाक्यावर गेला. शिडी मागवली, फ्लेक्स उतरवला. फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. वाड्यात एरवी त्यावर सुकट वाळत घालतात. बोटीवर नाव रंगवायचा लाल रंग आणि ब्रश घेऊन तो रस्त्यातच गुडघ्यावर बसला, त्या गेलेल्या गुडघ्यावर. पुढारी, हात जोडलेले, सगळे उपडे झाले. लोक जमले. नलिनी डबा धरून उभी राहिली.

"अक्षर मोठं काढा," ती म्हणाली. "रिक्षातून दिसलं पायजे."

दिवे लागायच्या आत फ्लेक्स पुन्हा वर चढला. त्यावर दोनच ओळी होत्या.

मी माघार घेतलेली नाही. मला घेतलेलं नाही. — हरेश्वर चिखले

उद्या पौर्णिमा. सराव सव्वापाच.