कुंडलिकेच्या गालावरचा तीळ

सलीमभाई जुन्या जालन्यात पोत्यांवर मारायचे लाकडी शिक्के कोरतात. चाळीस वर्षं झाली. लाकडावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा पोत्यावर सुलटं उमटतं. मी राजानंद, शाळेत चित्रकला शिकवतो. जिल्ह्यातल्या नद्या लाकडात कोरून कागदावर छापायच्या, हे खूळ माझंच. जुन्या लेण्यांच्या दारात नदी बाई होऊन उभी असते ना, पायाखाली मगर, हातात घागर, तशा. पहिली आमच्या गावातली कुंडलिका.

"कुंडलिकेत मगर कुठली सर, प्लॅस्टिकच्या पन्न्या हैत," सलीमभाई म्हणाले. पण लाकूड ठेवून घेतलं.

त्यांची बायको फरहाना जाऊन सात महिने झाल्ते. तेव्हापासून हा माणूस रडला नाही की कुणावर खेकसला नाही. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. मला तर चीडच यायची त्यांची. बाबा रे, निदान भांड तरी कुणाशी.

एकदा कोरता कोरता म्हणाले, "सर, तिचा चेहराच डोळ्यापुढं येऊन न्हाई राह्यला. फोटो तर ती काढूच द्यायची न्हाई. म्हणून नदीला तिचा चेहरा देऊन राह्यलो. आला तर आला, न्हाई तर गेली ती बिलकुल."

पहिला कागद छापला त्या दुपारी त्यांची मुलगी कहकशा डबा घेऊन आल्ती. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अब्बा, अम्मी का तिल तो बाएँ गाल पे था."

कागदावरच्या कुंडलिकेचा तीळ उजव्या गालावर होता.

सलीमभाईंनी कागद खाली ठेवला. "गेली मंग," एवढंच बोलले, दुकान बंद करायच्या आवाजात.

मी उगाच काहीतरी करायचं म्हणून लाकूड उचललं, शाई पुसायला लागलो. अन् बघतो तर लाकडावर तीळ बराबर डाव्या गालावर. चाळीस वर्षं उलटं कोरणारा माणूस उलटं कोरायचंच विसरला होता. तिला जशी बघत आला, तशीच कोरली होती.

मी लाकूड त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही धंदा विसरलात, सलीमभाई. तिला नाही."

त्यांनी तिळावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

"कागद तुम्ही न्या सर. हे इथंच राहू द्या." मग मुलीकडं न बघताच म्हणाले, "कहकशा, चहा सांग. माझ्यात साखर जरा जास्त."