मुद्देमालात आलेल्या शेळ्या

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी एकटीच हसत बसते. सून स्वयंपाकघरातून डोकावून बघते, बरी आहे ना म्हातारी.

मी तेव्हा भूम तालुक्यात नवी फौजदार होते. डोक्यावर टोपी होती, टोपीखाली फारसं काही नव्हतं.

एका बागायतदारानं परवाना काढून बांधावरची जुनी झाडं तोडून विकली होती. परवान्यातच अट होती : तोडली तेवढी नवी लावायची आणि जगवायची. वनखात्याची पाहणी जवळ आली, तसा तो ठाण्यात तक्रार घेऊन आला. शेजारच्या विधवा बाईच्या शेळ्यांनी करंजाची सगळी रोपं खाल्ली, म्हणे.

मी शिवारात गेले. खड्डे रिकामे. बाईंना विचारलं, "शेळ्या तुमच्याच ना?"

"व्हय, माझ्याच की."

झालं. आरोपीनं गुन्हा कबूल केला, असं मी मनात धरलं आणि शेळ्या मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आणून बांधल्या. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, ह्या शेरडांवर घर चालतंय माझं. सकाळी धार तरी काढू द्याल का?"

सकाळी ती आली तेव्हा हवालदार कपाळाला हात लावून बसले होते. शेळ्यांनी दावी सोडवून मोठ्या साहेबांचे गुलाब संपवले होते, मेंदीचं कुंपण ओरबाडलं होतं, फलकावरची जाहीर सूचनाही अर्धी गिळली होती.

"मॅडम, मुद्देमालानं ठाणं खाल्लं," हवालदार म्हणाले.

मी नुकसान बघत बघत फाटकापाशी आले. तिथं करंजाचं झाड, फांद्या शेळीच्या तोंडाशी लोंबणाऱ्या. एकाही पानाला दात लागला नव्हता.

बागायतदाराला बोलावून घेतलं.

"रोपं किती खाल्ली?"

"सगळी, मॅडम. मुळासकट."

"मुळासकट?"

"लई वंगाळ जात ती."

मी करंजाची फांदी मोडून एका शेळीपुढं धरली. तिनं हुंगली, फुरफुरली आणि मान वळवून त्याच्या उपरण्याचं टोक चघळायला लागली. हवालदारांना एकाएकी खोकला आला.

"लावलीच न्हाईत," तो उपरणं ओढत म्हणाला. "खड्डे तेवढे खणले."

दुपारच्या आत शेळ्या घरी गेल्या. वनखात्याला कळवलं, त्यांनी उभं राहून रोपं लावून घेतली. गुलाबांचं मोठ्या साहेबांना काय सांगितलं, ते विचारू नका.

पुढं बरीच मोठी प्रकरणं हाताळली, पण त्या शेळीसारखा साक्षीदार पुन्हा मिळाला नाही. तिच्यामुळं एक सवय लागली. समोरचा 'व्हय' म्हणाला की खूश व्हायचं नाही. आपण नेमकं काय विचारलं होतं, ते आधी आठवायचं.

मध्यंतरी त्याच तालुक्यातल्या ईट गावाकडं एका लग्नाला गेले होते. वाटेत तो बांध लागला. करंज दाट झालेत. सावलीत तीच बाई, आता माझ्यासारखीच पिकलेली, भोवती शेळ्या. तिनं मला लगेच ओळखलं.

"मॅडम, आज कुणाला धरून न्यायला आलाव?"

"कुणाला नाही. चहा पाजा."

"बसा," ती म्हणाली, आणि जवळची शेळी ओढून धार काढायला बसली.