वेगळ्या गाठीतलं पीठ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या तांड्यावरच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. पण प्रियदर्शनीशी मी उभ्या जन्मात एकदाच भांडले, आणि त्या भांडणात माझंच बराबर होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं गोष्ट तिच्याच बाजूला झुकणार आहे.

आमी तिघी हिंगोलीत एका खोलीत राहायचो. मी मिना, सेनगावकडच्या गोरेगावजवळच्या तांड्यावरची. पुनम कळमनुरीची. आणि प्रियदर्शनी वसमतकडच्या हट्ट्याची. बी.ए.चं पहिलं वर्ष. कॉलेज हिंगोलीचं, विद्यापीठ नांदेडचं, म्हणून घरचे सगळ्यांना सांगायचे, पोरगी विद्यापीठात शिकून राहिली. आमी विद्यापीठ पेपरावर छापलेलं तेवढंच पाहिलं होतं. खोली पत्र्याची, उन्हाळ्यात डोकं शिजायचं. पण आज कुणी म्हणालं, चल, एक दिवस तिथं राहून ये, तर मी चप्पल न घालता निघेन.

घरमालकीण सखुबाईनं पहिल्याच आठवड्यात प्रियदर्शनीला विचारलं, कपाळ उघडं काहून? ती म्हणाली, आमी ख्रिस्ती आहोत. सखुबाईला काही पटेना. नाव प्रियदर्शनी, बापाचं नाव तातेराव, बोलणं आपल्यासारखं, खाणं भाकरी-ठेचा, मग ही ख्रिस्ती कुठून? तिच्या हिशेबानं ख्रिस्ती माणूस इंग्रजी बोलतो आणि केक खातो. प्रियदर्शनीनं तिला सांगितलं की त्यांच्याकडं नाताळाला करंज्या करतात, आणि देवाची गाणी ढोलकीवर म्हणतात. नाताळानंतर तिनं करंज्या आणल्या तेव्हा कुठं सखुबाईचा विश्वास बसला.

नवीन होती तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून, पटकन, चोरी केल्यासारखी प्रार्थना उरकायची. मग हळूहळू आमच्यात बसून डोळे मिटायला लागली. जेवणाआधी देवाचे उपकार मानायची. तेवढ्यात पुनम तिच्या ताटातला कांदा पळवायची. पुढं पुढं प्रियदर्शनी कांदा मुठीत घट्ट धरून प्रार्थना करायला लागली, आणि एक दिवस स्वतःच वैतागून म्हणाली की बाई, तूच घे तो कांदा, माझं अर्धं मन त्याच्यातच राहतं. त्या दिवसापासून पुनमनं कांदा पळवणं सोडलं. सोडलं म्हणजे कमी केलं.

आता भांडणाचं सांगते. ज्वारीचं पीठ तिघींचं घरून दळून यायचं आणि एकाच डब्यात पडायचं. कुणाचं किती, कुणी बघत नव्हतं. भाकरी पाळीपाळीनं थापायच्या. प्रियदर्शनीची पाळी आली की परातीत पाणी घालायच्या आधी ती मूठभर पीठ बाजूला काढायची आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. पुनम तर आधी घाबरलीच, ही काही करणी-बिरणी करते की काय म्हणून. मी सरळ विचारलं. तेव्हा कळलं की तिची आई, सुमनबाई, रोज अशी मूठ काढते. आधी देवाची मूठ, मग आपली भाकरी. रविवारी गावातली सगळी ख्रिस्ती घरं उपासनेला जमतात, त्याला ते मंडळी म्हणतात. तिथं साऱ्या बायांच्या मुठी एकत्र होतात, आणि ज्याच्या घरी चूल पेटली न्हाई त्याच्या घरी ते पीठ जातं. जात-बित कुणी विचारत न्हाई. प्रियदर्शनी आपला डबा घरी जाताना हट्ट्याला न्यायची.

माझं टाळकं सरकलं. म्हणलं, वा गं वा, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! माझी आई तांड्यावर ज्वारी काढते, पुनमची आई कळमनुरीत दळते, आणि पुण्य हट्ट्याला जमा? पीठ तिघींचं आणि देव एकटीचा? पुनम मला गप कर, गप कर म्हणत होती, पण मी एकदा सुटले की सुटले.

प्रियदर्शनीचा चेहरा पडला. रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "मिना, तुझं बराबर आहे. दुसऱ्याच्या पिठातली मूठ देवाला चालायची न्हाई. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मला वाटलं, विषय मिटला. कशाचा मिटतो! दुसऱ्या दिवसापासून ही स्वतःसाठी दोनाच्या जागी दीड भाकरी थापू लागली, आणि उरल्या अर्धीचं पीठ त्या डब्यात. आमच्या वाट्याला हात न्हाई, स्वतःच्या पोटाला चिमटा. मला आणखीच राग आला. म्हणलं, तुझा देव भाकरी मोजत बसलाय का?

"तो न्हाई मोजत," ती म्हणाली. "मीच विसरेन म्हणून काढते. इथं मला मंडळी न्हाई, आई न्हाई. ही मूठ पण सुटली तर मी कुठली राहिले?"

तिनं एक नियमही सांगून ठेवला. मूठ काढणाऱ्यानं त्या पिठातलं घासभरही खायचं न्हाई. खाल्लं की ते देवाचं राहत न्हाई, घरचं पीठ होतं.

परीक्षेच्या दिवसांत तिला घरी जाता आलं न्हाई आणि बिस्किटाचा डबा गळ्यापर्यंत भरला. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की कडवट होतं, म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. त्याच दिवसांत गावात बंद पुकारला. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. आमच्या मोठ्या डब्यात तळ दिसत होता. आमी ठरवलं, पाणी पिऊन अभ्यास करू, उद्या बघू. आणि भर दुपारी दारात माझी आई उभी.

आमी आईला याडी म्हणतो. याडी, म्हणजे निर्मलाबाई, मामाच्या गावाहून येत होती. बंदमुळं जीपवाल्यानं तिला गावाबाहेरच उतरवलं, तिथून ती उन्हात चालत आली होती. सकाळपासून पोटात काही न्हाई. तांड्यावर आमच्या घरून कुणी उपाशी गेलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या खोलीत माझी आई पाणी पिऊन बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सखुबाईच्या दाराला कुलूप.

प्रियदर्शनी उठली, बिस्किटाचा डबा काढला आणि पीठ परातीत ओतायला लागली. मी तिचा हात धरला. कानात म्हणलं, दानाचं पीठ माझ्या आईला घालतेस?

तिनं हात सोडवून घेतला. "ज्याची चूल पेटली न्हाई त्याच्यासाठीच आहे ते. आज आपलीच न्हाई पेटली."

तिनं भाकरी थापल्या. पुनमनं मिरच्या भाजून ठेचा केला, होता तेवढा एक कांदा फोडला. प्रियदर्शनीनं ताटं तीनच वाढली, याडीचं, पुनमचं, माझं. स्वतः बाजूला बसून वाढत राहिली. सकाळपासून तीही उपाशीच होती.

याडीच्या नजरेतून मुंगी सुटत न्हाई. तिनं विचारलं, लेकरा, तुझं ताट कुठं? प्रियदर्शनी म्हणाली, भूक न्हाई. तिला खोटं बोलता यायचंच न्हाई, कान लाल झाले. मग पुनमनं सगळं सांगून टाकलं, मूठ काय, डबा काय, नियम काय. माझ्या भांडणासकट.

याडीनं आपल्या ताटातली भाकरी उचलली आणि मधोमध मोडली.

"हे पीठ तू मला दिलंस ना?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग आता ते तुझं न्हाई आणि तुझ्या देवाचं पण न्हाई. माझं झालं. माझ्यातली अर्धी मी तुला देऊन राहिले. मी दिलेलं घेऊ नये असा काही नियम आहे का तुमच्यात?"

प्रियदर्शनीनं न्हाई म्हणून मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं अर्धी भाकरी दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटले, आणि आमी तिघी थांबलो. पुनमनंसुद्धा कांद्याला हात लावला न्हाई.

पुढच्या महिन्यात तांड्यावरून पिठाची पिशवी आली. तिच्यात वरच एक फडक्याची गाठोडी, घट्ट गाठ मारलेली. सोबत याडीचा फोन. "गाठीतलं त्या पोरीच्या मुठीचं आहे. तुमच्या डब्यात ओतू नको, न्हाईतर परत भांडशील." झालं. माझ्या भांडणाचा निकाल माझ्याच आईनं लावला. प्रियदर्शनी पुन्हा दोन भाकरी खायला लागली, आणि बिस्किटाचा डबा तांड्याच्या पिठानं भरून हट्ट्याला जायला लागला.

कॉलेज संपलं. पुनम लग्न होऊन पुण्याला गेली. मी सेनगावात संसार मांडला. प्रियदर्शनी हट्ट्याला अंगणवाडीत लागली. पण तांड्यावरून माझ्याकडं पीठ आलं की आत गाठोडी असायचीच. मी म्हणायचे, याडी, कॉलेज संपून किती वर्षं झाली. ती म्हणायची, मूठ काय कॉलेजात शिकत होती? मग मी ते पीठ गल्लीत कुणाची नड असेल तिथं देऊन टाकायचे.

गेल्या हिवाळ्यात याडी गेली. सगळे दिवस-कार्य आटोपून मी सेनगावला परतले आणि तिनं शेवटचं पाठवलेलं पीठ काढलं. तळाशी गाठ होती. तिनं मारलेली. मला ती सोडवेना. गल्लीत कुणाला द्यायलाही हात पुढं होईना. शेवटी ती तशीच पदराखाली धरून मी एसटीत बसले आणि हट्ट्याला गेले.

प्रियदर्शनीनं गाठोडी पाहिली आणि मला मिठी मारली. आमी खूप रडलो. मग तिनं परात पुढं ओढली. मी म्हणलं, हे तर मंडळीत द्यायचं ना? ती म्हणाली, "मूठ काढणारी कोण?"

"याडी."

"मग आपल्या दोघींना चालतं. याडी गेली, आज आपलीच चूल पेटली न्हाई."

तिनं दोन ताटं वाढली. तिच्याबरोबर मीही डोळे मिटले. मला त्यांची प्रार्थना येत न्हाई, मी नुसतं याडी, याडी म्हणत राहिले. डोळे उघडले तर माझ्या ताटातला कांदा गायब, आणि प्रियदर्शनी रडता रडता तो चावत होती. मला हसू आलं आणि रडूही आलं.

पीठ जुनं झालं होतं, भाकरी कडवट लागली. आमी दोघींनी तिचा एक तुकडा मागं ठेवला न्हाई.