खाऱ्या टाकीवरचा नवा दिवा

जोतीराम आटपाडीकडच्या मेंढपाळांच्या घरातला. त्याच्या घराण्यात कुणी समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायचं कुणाला कारणही पडलं नव्हतं. पुढे सांगलीतल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात तो परिचर म्हणून लागला आणि तेरा वर्षं त्यानं समुद्राचा एक तुकडा चार फुटी काचेच्या टाकीत जिवंत ठेवला.

टाकी तिथले प्राध्यापक मधुकरसर यांनी १९८३ साली करवून घेतली. रत्नागिरीच्या सहलीत ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकातून त्यांनी घमेल्याएवढा एक दगड आणला. त्या दगडावर शर्टाच्या बटणाएवढे हिरवट-तपकिरी जीव दाटीनं चिकटलेले होते. उजेड मिळाला की प्रत्येकाभोवतीची बारीक झालर उघडायची, हात लावला की मिटायची. सरांनी फळ्यावर त्यांचं लांबलचक शास्त्रीय नाव लिहिलं. जोतीराम त्यांना 'बटणं' म्हणाला, आणि विभागात शेवटी तेच नाव चाललं.

समुद्र जवळ नाही, मग पाणी कुठून आणायचं? त्यावरही तोडगा जोतीरामनंच काढला. रत्नागिरीहून मासळीचा ट्रक पहाटे सांगलीच्या बाजारात यायचा. त्याचा ड्रायव्हर भाऊसो दर पंधरवड्याला दोन कॅन समुद्राचं पाणी भरून आणायचा. जोतीराम ते सायकलच्या कॅरिअरला दोन बाजूंना बांधून कॉलेजात न्यायचा.

"काय गड्या, आज बी पानीच?" भाऊसो विचारायचा. "एकदा तरी बांगडा घिऊन जा की. बायको म्हनत आसंल, नवरा मासळी बाजारात जातो आन् नुसतं खारं तोंड घिऊन येतो."

बायको, म्हणजे सुलाबाई, वेगळंच म्हणायची. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की त्यात मीठ राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं. जोतीराम ते घरून उकळून, गार करून न्यायचा. "माज्या तुळशीला एक तांब्या घालाय हात उचलत न्हाई तुमचा," सुलाबाई चुलीपुढून बोलायची, "आन् त्या दगडाला रोज बाळंतिणीचं पानी."

उन्हाळ्यात तो टाकीच्या तिन्ही बाजूंना ओली पोती लावायचा. वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा, तेव्हा ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून ती नळीनं हळूहळू पाण्यात सोडायचा. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मधुकरसर वर्गात सांगायचे, "मुलांनो, पुस्तक माझ्याकडे आहे, पण टाकी जोतीरामची आहे." बाहेर उभ्या जोतीरामला हे ऐकू यायचं. एवढ्या एका वाक्यावर त्याची वर्षंच्या वर्षं निघाली.

उजेडाची गोष्ट त्याला ८८ साली कळली. टाकीवर दोन ट्यूबलाइट होत्या, सरांनी चार केल्या. दुसऱ्या दिवशी सगळी बटणं मिटलेली. सर पुस्तकं चाळत बसले. या जीवांच्या अंगात शेवाळासारखं काहीतरी राहतं, ते उजेडावर जगतं आणि यांना जगवतं, असं त्यांनी सांगितलं. मग उजेड वाढल्यावर ते मिटले का, हे मात्र त्यांना सांगता येईना. जोतीराम थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, कातरलेली मेंढी आमी एकदम उन्हात सोडत न्हाई. कातडं कवळं आसतंय, भाजतंय. चार दिस सावलीत, मग निम्मं ऊन, मग रानात." त्यानं घरून जुनं धोतर आणलं, चार पदरी घडी करून दिव्याखाली पसरलं आणि आठवड्याला एक पदर काढला. महिन्याभरात बटणं पहिल्यापेक्षा टपोरी झाली आणि दगड पुरेनासा होऊन शेजारच्या दगडावर पसरली.

९५ साली मधुकरसर हृदयविकारानं गेले. त्यांची मुलगी भार्गवी त्याच विभागात शिकवत होती. दुसऱ्या वर्षी ती विभागप्रमुख झाली. तिला जोतीरामनं शाळेत सायकलवर सोडलं होतं, टाकीपुढे स्टुलावर बसवून बटणं दाखवली होती. ती त्याला जोतीमामा म्हणायची. तो तिला ताई म्हणायचा, पण ती खुर्चीवर बसल्या दिवसापासून मॅडम म्हणू लागला. तिनं हसून सांगितलं, "मामा, ताईच म्हणा हो." त्याला ते जमलं नाही.

त्या वर्षी डिसेंबरात विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला येणार होती. तिला जोडून तीन दिवसांचं विज्ञान प्रदर्शन ठरलं. भार्गवीनं त्यासाठी एक बेत केला. परदेशात समुद्री टाक्यांवर आता ट्यूबलाइट लावत नाहीत, मेटल हॅलाइड नावाचा प्रखर दिवा लावतात, असं तिनं वाचलं होतं. एकच दिवा, पण दुपारच्या उन्हासारखा. पुण्याच्या एका दुकानदारामार्फत तो तिनं बाहेरून मागवला आणि वडिलांच्या स्मरणार्थ विभागाला द्यायचं ठरवलं. दिव्याच्या पेटीवर लावायची पितळी पट्टीही करून आली होती. तिच्यावर मधुकरसरांचं नाव होतं.

बसवण्याआधी रीतसर बैठक झाली. प्राचार्य, विभागातले तिघे प्राध्यापक आणि भार्गवी. जोतीराम चहाचा ट्रे घेऊन आत आला, तेव्हा विषय निघालेलाच होता. एक प्राध्यापक म्हणत होते, "इतकी वर्षं ट्यूबवर चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?"

"म्हणूनच मामांना विचारूया," भार्गवी म्हणाली. "बाबा नेहमी म्हणायचे, टाकी जोतीरामची. बोला मामा, बदलायचा का दिवा? तुम्हाला काय वाटतं?"

जोतीरामच्या हातात ट्रे तसाच राहिला. त्याला काय वाटत होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिवा वाईट नव्हता. उलट बटणं त्याखाली जोमानं वाढली असती. पण एवढा दिवा एकदम नको. वर टांगायचा, धोतराच्या आठ घड्या घालायच्या, पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास, मग एक तास. दोन महिने लागले असते. म्हणजे प्रदर्शनात तो दिवा फडक्याआडून मिणमिणता दिसला असता.

हे सांगायचं कुणापुढे? बापाच्या नावाचा दिवा घेऊन लेक बसलेली. एक प्राध्यापक आधीच तिच्या विरोधात बोललेला. त्यात आपण, चहा देणाऱ्या माणसानं, चारचौघांत 'आत्ता नको' म्हणायचं? ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरच्या पोरीचा शब्द सगळ्यांदेखत खाली पाडायचा नाही, एवढं त्याला लहानपणापासून कळत होतं. जे सांगायचं ते मागाहून, एकटीला गाठून सांगावं. त्याच्या गावाकडे माणसं असंच करत आली होती, आणि त्याकडे कान देणारंही कुणीतरी असायचं.

"मॅडमनी ठरवलंय ते बरुबरच आसंल," तो म्हणाला.

"तसं नको मामा, मोकळेपणानं सांगा. काही धोका वाटतो का?"

"न्हाई जी. तुमी म्हनाल तसं."

"बघा," भार्गवी त्या प्राध्यापकांकडे वळून म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. प्राचार्यांनी इतिवृत्तात लिहवून घेतलं: परिचरांशी विचारविनिमय करून दिवा बदलण्याचा निर्णय एकमताने घेण्यात आला.

त्यानंतर जोतीराम तिला एकटं गाठायला बघत राहिला. तिच्या खोलीत कधी विद्यार्थी, कधी मंडपवाला, कधी छापखान्याचा माणूस. चौथ्या दिवशी ती जिन्यात सापडली.

"मॅडम, दिव्याचं थोडं बोलायचं हुतं. एकदम लावू नगा. धोतराच्या घड्या..."

"मामा," ती घड्याळ बघत म्हणाली, "बैठकीत तुम्हाला दोनदा विचारलं. तेव्हा का नाही बोललात? आता समितीला कार्यक्रम कळवलाय. बाबांच्या दिव्यावर धोतर टाकून उद्घाटन करू का मी?"

ती तिरसटपणानं बोलली नाही, घाईत बोलली. जोतीराम म्हणाला, "न्हाई, न्हाई," आणि बाजूला झाला.

उद्घाटनाच्या सकाळी तरीही तो धोतर घेऊन आला. चार घड्या दिव्याखाली नीट ताणून बांधल्या. पाहुणे येण्याआधी भार्गवी सगळं नजरेखालून घालायला आली आणि थबकली.

"हे फडकं?"

"लय नको मॅडम. आठवडाभर निसतं."

"मामा, प्लीज. प्रदर्शन होईपर्यंत काढा. मग महिनाभर ठेवा."

त्यानं गाठी सोडल्या. सोडताना एक गाठ सुटेना, तेव्हा तिनंच पुढे होऊन मदत केली.

दिवा लागला आणि खोलीतली माणसं 'अहाहा' म्हणाली. पाण्यात उन्हाच्या जाळ्या हलू लागल्या. तळाची वाळू चमकली. समितीच्या अध्यक्षांनी, समुद्रच सांगलीत आणलात, असे उद्गार काढले. भार्गवीचे डोळे भरून आले. जोतीराम दाराशी उभा राहून दगडाकडे बघत होता. बटणं मिटायला लागली होती.

सकाळी नऊ ते संध्याकाळी सात दिवा जळायचा. शाळांची मुलं रांगेनं येत होती. दुसऱ्या दिवशी बटणं घट्ट मिटलेली होती आणि काच हाताला कोमट लागत होती. जोतीराम जेवणाच्या सुट्टीत दिवा बंद करून आला, तर कुणीतरी लगेच ओरडलं, "मामा, लाइट! पालक आलेत." त्यानं पुन्हा लावला.

तिसऱ्या दिवशी बटणं उघडली. उघडली खरी, पण हिरवा रंग गेला होता, तपकिरी गेला होता. सगळा दगड पांढरा, दुधाच्या सायीसारखा, आत दिवा लावावा तसा पारदर्शक. त्यांच्या अंगातलं ते शेवाळ निघून गेलं होतं आणि ती उपाशी झाली होती. बघणाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवशी सगळ्यात मोठी गर्दी टाकीपुढे झाली. बायका पोरांना उचलून दाखवत होत्या, "बघ रे, मोगरा फुललाय जसा!" एका फोटोग्राफरनं फोटो काढला आणि तो गावातल्या वर्तमानपत्रात छापून आला. भार्गवीनं ते पान कापून विभागाच्या फलकावर लावलं.

"मामा, बघा किती सुंदर दिसतायत," त्या गर्दीतच ती त्याला म्हणाली होती. "उगाच घाबरत होतात तुम्ही."

जोतीरामनं तिच्याकडे पाहिलं. ती विभागप्रमुख होती, प्राणिशास्त्राची एम.एस्सी. होती, मधुकरसरांची मुलगी होती. तीन दिवसांच्या जागरणानं आणि कौतुकानं तिला समोर मरणारं दिसत नव्हतं.

"मरत्यात ती, मॅडम," तो हळूच म्हणाला. शेजारी पाहुणे होते. हे तिला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.

प्रदर्शन संपल्यावर त्यानं धोतर घातलं, ट्यूबा लावल्या, ताजं पाणी घातलं. दहा दिवस तो रविवारीही कॉलेजात बसला. बटणं एकेक करून विरघळली. मग टाकीला वास सुटला आणि शेजारच्या वर्गातून तक्रार आली. पांढरा पडलेला दगड त्यानंच बाहेर काढला. तेव्हा भार्गवी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मी तुम्हाला विचारलं होतं मामा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर विचारलं होतं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर?"

"व्हय," जोतीराम म्हणाला. "इचारलं हुतं."

ती खोटं बोलत नव्हती आणि त्यालाही तिला खोटं पाडायचं नव्हतं. पण जिन्यातलं बोलणं, फडक्याच्या गाठी, यांतलं काहीच तिच्या हिशेबी बोलणं नव्हतं. बोलणं म्हणजे बैठकीतलं, लिहून ठेवलेलं. ते त्यानं केलं नव्हतं.

जानेवारीत पुन्हा बैठक झाली. यावेळी जोतीरामला मुद्दाम बोलावलं आणि खुर्चीही दिली. प्राचार्यांनी सांगितलं, दिवा आता आहेच, तो वाया जाऊ द्यायचा नाही. पुढच्या महिन्यात रत्नागिरीला जाऊन नवे दगड आणायचे. "जोतीराम बरोबर जाईल. काय जोतीराम?"

"न्हाई," जोतीराम म्हणाला.

भार्गवीनं मान वर केली.

"म्हणजे?"

"मी जानार न्हाई. दुसरा दगड आनून भाजायचा न्हाई मला. आन् टाकी बी मी बघनार न्हाई. मे म्हैन्यात मी नोकरीतनं सुटतोय, तवर काय दुसरं काम आसंल ते सांगा."

तो पहिल्यांदाच बैठकीत मनातलं बोलला होता. जे बोलला ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं, आणि लिहिलंही गेलं: परिचराने नेमून दिलेले काम करण्यास नकार दिला, सबब लेखी समज देण्यात यावी. समजेच्या कागदावर विभागप्रमुख म्हणून भार्गवीची सही होती. तिनं तो शिपायाहाती पाठवला नाही, स्वतः आणून दिला. त्यानं पोच म्हणून सही केली.

पुढच्या मंगळवारी पहाटे तो मासळी बाजारात गेला. भाऊसोनं दोन कॅन आधीच उतरवून ठेवले होते.

"आता आनू नगो," जोतीराम म्हणाला. "बंद झालं ते."

"का रं? काय झालं?"

"मेली."

"आरं, मग ह्ये पानी? एवढा घाट चढून आनलंय."

"वतून टाक."

भाऊसोनं त्याच्याकडे बघितलं, थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं एक कॅन आडवा केला, मग दुसरा. पाणी बाजाराच्या फरशीवरून, माशांच्या खवल्यांतून वाट काढत गटाराकडे गेलं. टोपल्यांवर बसलेल्या एक-दोन बायकांनी लुगडी आवरून घेतली.

"कॅन न्हेऊ का मी? डिझेलला हुतील," भाऊसोनं विचारलं.

"न्हाई," जोतीराम म्हणाला. "कालेजचे हैत ते. जमा करायचे हैत." आणि त्यानं रिकामे कॅन सायकलला बांधले.