उकेरेवेला नेलेलं समुद्राचं पाणी

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या डब्यांच्या किचनमध्ये पॅकिंगला टांझानियाची एक बाई लागली, त्याला आता तीन वर्षं होतील. तिशीची, उंच, कमी बोलणारी. हिंदी तिने आमच्या स्वयंपाक्यांकडूनच उचललं होतं, त्यामुळे "ढक्कन टाइट करो", "यल्ला, गाडी आ गई" असलीच वाक्यं जास्त. मला ती "मामा" म्हणायची. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, हे सांगितल्यावर ती तोंडावर हात धरून हसली, पण हाक काही बदलली नाही.

एका रविवारी नवे डबे बघायला तिला घेऊन निघाले. बर दुबईहून क्रीक, म्हणजे तिथली खाडी, ओलांडायला अब्रा नावाच्या लाकडी होडीत बसलो. होडी मध्यावर आली तशी ती वाकली, पाण्यात बोटं बुडवली आणि सरळ जिभेला लावली.

"अगं, घाण पाणी आहे ते!" मी मराठीतच ओरडले.

तिने रुमालाने तोंड पुसलं. "मामा, सच में नमक है."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण नाही. येऊन आठ महिने झाले होते. खोली ते किचन आणि किचन ते खोली. समुद्र तिने कंपनीच्या बसच्या खिडकीतून पाहिलेला. शाळेत शिकली होती की समुद्र खारट असतो. चव आज पहिल्यांदा घेतली.

"पण तू तर बेटावरची ना?"

"बेट तळ्यात आहे, मामा."

तळं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आटपाडीकडचा आमचा पाझर तलाव येतो. या काठावरून हाक मारली की पलीकडची म्हैस मान वर करते. तिचं तळं म्हणजे व्हिक्टोरिया. काठावरच्या शहरातून तिच्या बेटावर, उकेरेवेला, जायला बोटीने तीन-एक तास लागतात आणि वाटेत लाटा लागतात, म्हणाली. सकाळी बायका बादल्या घेऊन काठावर उतरतात. प्यायला तेच पाणी, भाताला तेच, अंघोळीलाही तेच.

घरी आल्यावर मी हे लेकीला सांगितलं. ती इथेच वाढलेली. माझं वाक्य संपायच्या आत तिने फोनवर यादी काढली. "आई, इट्स ऑन द लिस्ट! लार्जेस्ट लेक आयलंड्स इन द वर्ल्ड." पहिलं बेट कॅनडात, ह्युरॉन सरोवरात; इतकं मोठं की त्याच्या पोटात पुन्हा तळी आणि त्या तळ्यांत पुन्हा बेटं. एक सायबेरियात, एक सुमात्रात. उकेरेवे पहिल्या दहात होतं. दुसऱ्या दिवशी मी ती यादी पॅकिंगच्या टेबलावर तिच्यापुढे धरली. तिने आपल्या बेटाचं नाव दोनदा वाचलं.

"कॅनडावाला बडा है?"

"बरंच मोठं."

"मासे?"

ते काही यादीत नव्हतं.

तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. आदल्या संध्याकाळी तिने आईला फोनवर खाऱ्या पाण्याचं सांगितलं होतं आणि आई म्हणाली होती, "थट्टा करू नकोस. एवढ्या पाण्यात मीठ टाकणार कोण?" सत्तरीची बाई, जन्म बेटावर गेलेला. तिला ते लागलं होतं. सुट्टीवर जाताना पाणी न्यायचं तिने ठरवून टाकलं.

क्रीकचं पाणी मी नेऊ दिलं नाही. जायच्या आधी ती, मी आणि माझी लेक अशा आम्ही तिघी सकाळीच मरीनाच्या किनाऱ्यावर गेलो. गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन तिने लिटरची बाटली भरली, उजेडात धरून पाहिली, वाळू दिसली म्हणून ओतली आणि पुन्हा भरली. मग किचनमध्ये तिचं खरं कसब. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा, वरून क्लिंग फिल्म, टेप, पुन्हा पिशवी. आमचा रस्सा तिच्या हातून कधी सांडला नव्हता.

आठवड्याने व्हिडिओ आला. अंगणात खुर्चीवर तिची आई बसलेली, भोवती शेजारीपाजारी. म्हातारीने झाकणभर पाणी तोंडात घेतलं, चेहरा वाकडा केला, पण थुंकली नाही. गिळलं. सगळे हसले. मग तिने बाटली मागून घेतली, उठली आणि चुलीवरच्या घेवड्याच्या पातेल्यात चांगली धार ओतली.

"क्या बोली?" मी फोनवर विचारलं.

"बोली, आज नमक नहीं चाहिए."

मी खूप हसले आणि फोन ठेवला. वीस वर्षं समुद्राकाठी राहतेय मी. माझ्या आईने समुद्र पाहिलाय का, हे मला माहीतच नव्हतं. गावी फोन लावला.

"आई, तू कधी समुद्राचं पाणी चाखलंस?"

"आता हे काय काढलंस?" आई म्हणाली. "गणपतीपुळ्याला गेलो होतो की. तू चार वर्षांची होतीस. लाटेने तुझी एक चप्पल नेली. केवढी रडलीस! आणि मी नाकातोंडात पाणी जाईपर्यंत तिच्यामागे धावले."

मला काहीच आठवत नव्हतं. तसं म्हटलं तिला. मग चप्पल कुठल्या रंगाची होती, बाबा किती चिडले आणि येताना बसमध्ये मला उलट्या कशा झाल्या, हे आई सांगत राहिली. दुपारचे डबे निघायची वेळ झाली होती. मी फोन कानाला धरूनच झाकणं लावत राहिले.