मुखपृष्ठावरची रिकामी चौकट

गुडगावच्या त्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. शाळा नवी, भोवतालच्या इमारती तिच्याहून नव्या आणि त्यांच्याकडे जाणारे रस्ते अजून नकाशातच होते. चेअरमन बिल्डर होते. त्यामुळे ‘भव्य’ हे आमच्याकडे विशेषण नव्हतं, माप होतं.

वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठाची मांडणी माझ्याकडे असे. त्या वर्षी मी दहावीतल्या एका मुलीचं चित्र निवडलं. शाळा तिच्याच गावच्या जमिनीवर उभी होती. जमिनी विकणाऱ्यांच्या मुलांना प्रवेश द्यायचं ठरलं होतं, म्हणून ती तिथे होती. शाळेच्या गच्चीवरून दिसतं ते तिने रंगवलं होतं: इमारतींचे सांगाडे, मध्ये उरलेलं मोहरीचं एक शेत आणि त्यात पाठमोरी म्हैस. म्हशीला समोरच्या प्रगतीचं काही कौतुक नव्हतं. मला ते फार पटलं.

मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, होकार दिल्यावर मी तिला सांगितलं. तिने दोनदा खात्री करून घेतली.

“पापा म्हणतात, अकरावीला कॉमर्स घे, ड्रॉइंगने काय होतं. मी म्हटलं, कव्हरवर आलं तर? तर म्हणाले, आलं तर बघू.”

पहिल्या मांडणीत चित्र पानभर होतं. मग वर शाळेचं बोधचिन्ह आलं. मग चेअरमनसाहेबांचा फोटो. मग त्यांच्या पत्नीचा, कारण त्या व्हाइस-चेअरमन. मग खुद्द मॅडमचा. दिल्लीत फोटोंनाही हुद्दा असतो. प्रत्येक फोटो वरच्या माणसाच्या फोटोपेक्षा किंचित लहान हवा. दर वेळी मी बटर पेपरवर नव्याने रेघा मारायचो आणि म्हैस आणखी लांब जायची. शेवटी चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं उरलं. पण होतं.

“और चीफ गेस्ट का फोटो?” मॅडमनी विचारलं.

कोण येणार आहेत, असं मी विचारलं.

“मिनिस्टर. कौन-से, वो अभी तय नहीं.”

त्या दिवसांत सरकारच तय नसे. चेअरमननी तोडगा काढला: चौकट रिकामी छापा, मंत्री ठरले की फोटो चिकटवू. चौकट अर्थातच त्यांच्या स्वतःच्या फोटोहून मोठी. बाकीचे फोटो सरकवता येत होते; काढून टाकता येण्यासारखं एकच होतं, ते चित्र. मी मुलीचं सांगितलं, तिच्या वडिलांचंही सांगितलं.

“तो अंदर डाल दीजिए.”

आतली पानं छापून झाली होती. तेही सांगितलं.

“चलो, अगले साल,” मॅडम म्हणाल्या. पुढच्या वर्षी ती अकरावीत असणार होती.

दिल्लीत, मयूर विहारच्या घरी बायको म्हणाली, “अहो, किती लावून घ्याल? तो अंक वाचतं कोण?”

“कोणीच नाही. कव्हर मात्र सगळे बघतात.”

मंत्री आलेच नाहीत. चेअरमननी स्वतःच चंदेरी कागद सोडून प्रकाशन केलं आणि टाळ्याही आधी त्यांनीच वाजवल्या. वाटपाच्या वेळी मुलगी वडिलांना घेऊन माझ्यापाशी आली. चित्र कव्हरवरून गेल्याचं मी तिला आधीच सांगितलं होतं. तिने घरी सांगितलेलं नव्हतं. वडिलांनी अंक उलटा केला, सुलटा केला. पानाच्या मधोमध पांढरी चकचकीत चौकट होती आणि तिच्याखाली सोनेरी अक्षरांत ‘मुख्य अतिथी’. तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

“मास्टरजी, इसमें कुछ छपना रह ग्या के?”

मी तोंड उघडण्याआधीच मुलगी म्हणाली, “नहीं पापा. ऐसा ही है.”

त्यांनी अंकाची नीट सुरळी केली आणि मला नमस्कार केला. आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी निरोप दिला की चेअरमनसाहेबांना कव्हर आवडलं. यंदा बिल्कुल क्लीन वाटतंय म्हणे.

जुलैत ती अकाउंट्सची पुस्तकं छातीशी धरून चित्रकलेच्या वर्गावरून जाताना दिसली. दार उघडंच होतं. “नमस्ते सर,” म्हणाली आणि आत न बघता पुढे गेली.