पंखावरचं स्वस्तिक

"नवीन मशीन हाय, अन् पूजा नाही?" सुमन म्हणाली. तिच्या हातात कुंकवाची वाटी. माझ्या विमानाच्या पंखावर, नेमकं सोलर सेलवर, ओलं ठसठशीत स्वस्तिक!

सुमन म्हणजे आमची बायको. विमान म्हणजे ग्लायडर: लांब पंखांचं, हलकं, हवेवर तरंगणारं. मी खामगावात तांत्रिक शाळेत शिकवायचो. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन मी ते उन्हाळाभर जोडत होतो. पंखावर काचेसारखे ठिसूळ सेल. त्यांवर ऊन पडलं की वीज, विजेवर मोटर, मोटरवर पुढचा पंखा. खाली उभं राहून रेडिओनं वळवायचं. खात्याचे साहेब खूश झाले तर शाळेला सौर प्रयोगशाळा मिळणार होती. उड्डाण पाहायला साहेब मैदानावरच्या मांडवात येऊन बसले होते. मी रेडिओचा ट्रान्समीटर आणायला आत गेलो, तेवढ्यात हा सोहळा.

"अगं, एक सेल झाकला तरी सगळे बंद पडतात!" हे सेल एकामागे एक जोडलेले असतात. अरुंद रस्त्यावर पुढची बैलगाडी अडली की मागच्या उभ्या, तसंच.

"मंग ढग आला का काय करता?"

मी खिशातून रुमाल काढला.

प्राचार्य धावत आले. स्वस्तिक पाहून आधी हात जोडले. "वहिनी, लय चांगलं केलं. नारळ फोडला काय?"

"सर, मोटर फिरून नाही राह्यली!" मी म्हणालो.

"मंग पुसा न लवकर! साहेब घड्याळ पाहून राह्यले."

रुमाल ओला करून पुसलं, तर कुंकू पसरून अख्खा पंख गुलाबी. वैतागून जरा जोर लावला. कर्रर्र! पापड मोडावा तसा सेल गेला.

आता मोटरची आशा संपली. विमान हवेत फेकायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या जोडून लांब गलोल केली होती. तिच्यावर ताणून विमान सोडलं. रेडिओला वेगळी बॅटरी होती, म्हणून वळवता तरी आलं. तापलेल्या मैदानावरची हवा वर चढत होती. तिनं ते असं उचललं की मांडव उभा राहून टाळ्या वाजवू लागला. सुमन तर माझ्याकडे विजयी नजरेनं पाहत होती.

साहेबांनी विचारलं, "पुढचा पंखा फिरत का नाही?"

मी तोंड उघडणार, तोच प्राचार्य म्हणाले, "वीज वाचवून राह्यला, साहेब!"

साहेबांनी विमान उतरेपर्यंत मान वर करून पाहिलं. मग म्हणाले, "विजेशिवाय इतकं छान उडतंय, तर सौर प्रयोगशाळा कशाला हवी?"

ती मिळाली नाही. साहेबांनी गलोलीचं मात्र फार कौतुक केलं.

तेव्हापासून नवीन यंत्र बाहेर काढताना मी एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर सोबत ठेवतो. पूजा त्याची करू देतो.